शून्य आणि पाच

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले. आत्याच्या घरी वरची खोली मिळाली आहे. पलंग, टेबल, पूर्वेला एक खिडकी. खिडकीतून कुंपणापलीकडचं शाळेचं मैदान दिसतं आणि मैदानाच्या कोपऱ्यात चार पायांवर उभी असलेली, झडपांची पांढरी पेटी. पेटीत चार तापमापक, बाहेर पाऊस मोजायचं नळकांडं. या पेटीसाठीच हवामान कार्यालयाने मला इथे पाठवलंय.

काम दोन प्रकारचं आहे. पहिलं, पाचवीच्या वर्गाला आठवड्यातून तीन तास हवामान शिकवायचं. पुस्तकातून नव्हे, हातांनी. दुसरं, पेटीचं रजिस्टर तपासून महिनाअखेरीस नव्हे तर सत्राअखेरीस अहवाल द्यायचा. सव्वीस वर्षं रोज सकाळी साडेआठला आत्याने इथल्या नोंदी घेतल्या आहेत, सुट्ट्या धरून. अहवाल चांगला गेला तर या नोंदी कार्यालयाच्या कायमच्या संग्रहात जातील आणि पेटी इथेच राहील. नाहीतर नोंदी रद्द, पेटी परत.

नोंदी घेणारी माझी सख्खी आत्या आहे हे मी साहेबांना लेखी कळवलं होतं. ते म्हणाले, "मग तर तू जास्तच कडक राहशील. जा."

आत्याने दार उघडलं आणि मान एका बाजूला कलती करून माझ्याकडे तिरकं बघत राहिली. मी "अगं, मीच" म्हटल्यावर म्हणाली, "आवाज तोच आहे. बाकी वाळून काटकी झालीस. या, इन्स्पेक्टर."

अशी मान कलती करून बघणं नवीन आहे. माझ्यावर भरवसा नसावा. साहजिक आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

साडेआठला आत्याबरोबर पेटीशी गेले. तिने चारही तापमापक वाचले, पाठ असल्यासारखे. हवेचं तापमान एकवीस पॉइंट पाच. रजिस्टरमध्ये जाड काळ्या पेनाने लिहिलं आणि वर्गावर गेली. ती गेल्यावर मी पेटी पुन्हा उघडली. माझ्या हिशेबाने एकवीस पॉइंट तीन.

दोन दशांशांचा फरक काही मोठा नाही. तरी या वहीच्या मागच्या पानावर रकाना आखला आहे. रोज तिच्यानंतर पुन्हा वाचायचं आणि फरक तेवढा लिहायचा, अधिक किंवा उणे. तिला सांगणार नाही. सांगितलं तर ती जपून वाचेल आणि तपासणीला अर्थ उरणार नाही.

पेटीची कडी गंजली आहे. उघडताना किंचाळते, लावताना त्याहून जास्त. कामांच्या यादीत: कडीला तेल.

पहिला तास वाईट गेला. हवेचा दाब मी नीट क्रमाने समजावला. एकतीस मुलं. शेवटच्या बाकावरचा एकजण दहाव्या मिनिटाला झोपला. त्याला सगळे पेंगू म्हणतात. आत्या वर्गशिक्षिका असल्यामुळे मागे बसून होती. संध्याकाळी म्हणाली, "दाब चांगला शिकवलास. मुलं पार दबून गेली होती."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मुलांना पेटीशी नेलं. तापमापकात पूर्ण अंशाला लांब रेघ असते, अर्ध्या अंशाला जराशी आखूड. मधले दशांश डोळ्यांनीच ठरवायचे. तोच तापमापक एकाने खाली वाकून, एकाने सरळ आणि एकाने खोक्यावर चढून वाचला. तीन उत्तरं आली. लगेच भांडण.

"तू बुटकी आहेस म्हणून तुला कमी दिसतं!"

"मग तू उंट आहेस म्हणून तुला जास्त दिसतं!"

मी सांगितलं, दोघंही प्रामाणिक आहात आणि दोघंही चुकताय. पाऱ्याच्या टोकाच्या बरोबरीला डोळा आला की भांडण मिटतं. मग सगळ्यांना त्याच उंचीवर यायचं होतं. कोणी खोकं आणलं, कोणी गुडघे वाकवले. पेंगू जागा होता.

एक मुलगी आहे, दोन वेण्या, तिला शंका म्हणतात. तास संपला तरी तिच्या शंका संपत नाहीत. तिने विचारलं, "ताई, पण बरोबर वाचलं की उगाच लिहिलं हे नंतर कसं कळणार? पारा तर हलून जातो."

प्रश्न चांगला आहे. उत्तर देते म्हटलं, पण नीट देईन.

आत्याची एक पद्धत लक्षात आली. मूल काही बोलेपर्यंत ती त्याला नावाने हाक मारत नाही. नुसती त्या दिशेने बघते आणि थांबते. मुलं आपणहून बोलायला लागतात. मीही करून बघणार आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आत्या सकाळपासून कुरकुरत होती की स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वाकडी झाली आहे, सुताराला बोलवायला हवं. माझ्या पेटाऱ्यात पाणसळ आहे, पेटी समपातळीत बसवायला लागते ती. चौकटीला चारही बाजूंनी लावून बघितली. बुडबुडा अगदी मध्ये.

"आत्या, चौकट सरळ आहे."

"मग तुझं यंत्र वाकडं आहे."

"यंत्र गेल्याच महिन्यात तपासून घेतलंय."

"बरं बाई, माझंच डोकं वाकडं," म्हणाली आणि चहा ओतायला लागली. ओतताना पेल्याच्या काठावर बोट ठेवते, आतल्या बाजूला. जुनी सवय असेल. भाजून घेईल एखाद दिवशी.

तिने मला बटणांचा डबा दिला. पत्र्याचा, वर्षानुवर्षं साठवलेला, चांगली पाचशेच्या वर बटणं असतील. "मुलांना मोजायला-बिजायला लागतील. मला काय करायची आता." पसारा कमी करतेय असं दिसतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गेल्या आठवड्यापासून 'उद्या' नावाचा खेळ सुरू केला आहे. शाळा सुटताना प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं की उद्या सकाळी आजच्यापेक्षा गार असेल, उकडेल की तसंच राहील. सोबत एक कारण. कोणी वारा बघतं, कोणी मुंग्या, कोणी आजोबांचा गुडघा. आज फळ्यावर गुण लिहिले. सर्वांत पुढे पेंगू. त्याने रोज एकच लिहिलं होतं: 'तसंच.' कारण: 'कशाला बदलेल?'

वर्गात दंगा झाला. ही चीटिंग आहे वगैरे. मी सांगितलं की ही चीटिंग नाही. कार्यालयातही आम्ही प्रत्येक अंदाज आधी 'तसंच' या उत्तराशी ताडून बघतो. त्याला हरवता आलं तरच तो अंदाज. पेंगूला आपण शास्त्रज्ञ आहोत हे कळल्यावर तो इतका दचकला की दिवसभर झोपला नाही.

मुख्याध्यापक व्हरांड्यात भेटले. "मॅडम, पेटी गेली तर त्या कोपऱ्यात सायकली छान मावतील, असं मी म्हणत नाहीये हं. पण मावतील."

रजिस्टरच्या सव्वीस वर्षांच्या मासिक सरासऱ्या काढून झाल्या. कुठेही उडी नाही, घसरण नाही. एक दिवस गाळलेला नाही. माझ्या मागच्या पानावरच्या रकान्यातही अधिक आणि उणे जवळजवळ समान आहेत. अहवाल चांगला जाणार. एकेक नोंद बघायची राहिली आहे, ती डिसेंबरात.

कडीला तेल राहिलंच.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बाटलीतला ढग. मोठ्या पारदर्शक बाटलीत घोटभर कोमट पाणी, आत विझत्या काडीचा धूर, झाकण घट्ट. बाटली दाबायची आणि एकदम सोडायची. सोडली की आत पांढरं धुकं भरतं, दाबली की नाहीसं होतं. मुलं किंचाळली. दोघांनी बाटलीवरून भांडून ती फोडली, ती वेगळी गोष्ट.

आत्या शेजारीच उभी होती. पहिल्या वेळी बाटली पांढरीधोप झाल्यावर तिने विचारलं, "झाला का ढग?" मुलं ओरडली, "हे काय बाई, समोर तर आहे!" ती म्हणाली, "हो का? मला वाटलं, अजून व्हायचाय."

शिकवायची तिची हातोटी चांगली आहे. आपल्याला माहीत नाही असं दाखवते म्हणजे मुलं समजावून सांगतात.

२ डिसेंबर, मंगळवार

शंकेच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. पारा हलून गेल्यावर नोंद खरी होती की मनची, हे कसं ओळखायचं? शेवटच्या अंकावरून. दशांशाच्या जागी शून्य ते नऊ हे दहाही अंक साधारण सारखेच यायला हवेत. हवेला काही सात आवडत नाही आणि आठ नावडत नाही. आवड-निवड माणसाची असते. मनाने आकडे लिहिणाऱ्याचे ठरावीक अंक जास्त येतात.

खेळ असा. दहा पेले, शून्य ते नऊ. ऑक्टोबरचे दिवस एकतीस, वर्गात मुलं एकतीस. प्रत्येकाला एक दिवस, चार तापमापक, चार बटणं. शेवटचा अंक बघून त्या पेल्यात बटण टाकायचं. एकदा चौदा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर, एकदा यंदाचा. दोन्ही वेळा पेले सारखे भरले की मुलांना कळेल, बाईंनी सव्वीस वर्षं कसं काम केलंय ते.

संध्याकाळी आत्याला सांगितलं. ती भाजी निवडत होती, बोटांनीच, समोर बघत.

"जुनीच रजिस्टरं घे," म्हणाली. "त्यांतलं अक्षर चांगलं आहे."

"दोन्ही घ्यायला हवीत. नाहीतर तुलना कशाशी करणार?"

"घे मग. तुझं कामच आहे ते."

४ डिसेंबर, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

जुना ऑक्टोबर पहिला. एकशे चोवीस बटणं, दहा पेले. सर्वांत कमी नऊ, सर्वांत जास्त सोळा. मुलांना पटलं. पेले रिकामे केले. यंदाचा ऑक्टोबर. पहिल्या पाच-सहा मुलांनंतरच कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, कोणी खोड्या करतंय. शेवटचं बटण पडलं तेव्हा शून्याच्या पेल्यात पासष्ट होती आणि पाचाच्या पेल्यात एकोणसाठ. वर शीग. बाकी आठ पेले रिकामे. एकही बटण नाही.

शंकेने हात वर केला नाही. सरळ विचारलं.

"ताई, म्हणजे बाईंनी मनाने लिहिलंय का?"

आत्या मागे उभी होती. सगळी मुलं तिच्याकडे वळली. ती कोणाकडेच बघत नव्हती, किंवा मान कलती असल्यामुळे तसं वाटलं.

मी म्हटलं, "पुन्हा मोजा."

ती पुन्हा मोजत असताना घंटा झाली.

५ डिसेंबर, शुक्रवार

आत्याची नोंद १९.५. मी पेटीशी गेले नाही.

६ डिसेंबर, शनिवार

काल रात्रभर नाही, पण पहाटेपासून रजिस्टर चाळलं. गेल्या वर्षी अठरा ऑगस्टपर्यंत सगळे अंक आहेत. एकोणीसपासून फक्त शून्य आणि पाच. पंधरा महिने. त्याच तारखेपासून निळं पेन जाऊन जाड काळं आलं आहे.

मला हे आधी दिसायला हवं होतं. सरासरीत ते दिसत नाही. माझ्या रकान्यातही दिसलं नाही, कारण मी रोज फक्त फरक लिहिला. तिने वाचलेला आकडा लिहिलाच नाही. एक महिना माझ्या डोळ्यांसमोर रोज शून्य नाहीतर पाच येत होता आणि मी वजाबाकी करत होते.

चहाच्या वेळी खाली गेले. रजिस्टर टेबलावर ठेवलं.

"आत्या, एकोणीस ऑगस्टला काय झालं?"

तिने पेला चाचपून जवळ घेतला.

"त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरकडे गेले होते. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय म्हणाले. कडेचं दिसतं. मध्ये धूर. तुझ्या त्या बाटलीसारखा."

"आणि चौकट?"

"मला वाकडीच दिसते. तुझ्या यंत्राला सरळ दिसते."

मान, चौकट, पेल्यातलं बोट, बटणांचा डबा, ढग, मुलांना हाक न मारणं. सगळं माझ्याच अक्षरात या वहीत आहे, तारखांसह. प्रत्येकाचं कारणही मी लिहून ठेवलंय. एकही बरोबर नाही.

"मनाने लिहीत होतीस का?" मी विचारलं. विचारणं भाग होतं.

आता तिचा आवाज चढला. "मनाने? मला रेघा दिसतात. लांब दिसते, आखूड दिसते. पारा ज्या रेघेच्या जवळ, ती रेघ लिहायची. मधलं दिसेनासं झालं तेव्हापासून मधलं लिहिलं नाही. जे दिसलं नाही ते एकदाही लिहिलेलं नाही मी. एकदाही!"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तपासायला आलेल्या माणसाला कोण सांगतं? तू तरी सांगितलंस का, माझ्यामागून रोज पेटी उघडतेस ते?"

"तुला कसं माहीत?"

"अगं, कडी वाजते. मी व्हरांड्याच्या पायरीवर पोचते न पोचते तोच. तेल घाल तिला, चोरून काम करायचं असेल तर."

मग तिने माझ्यासाठी चहा ओतला. साखर दोनदा पडली. मी प्यायले.

९ डिसेंबर, मंगळवार

तिला डॉक्टरकडे नेलं. फाइल जुनीच. पहिली तारीख अठरा ऑगस्ट. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायचा प्रयत्न करू. कडेचं दिसत राहील. ती शिकवू शकेल. बारीक वाचन विसरायचं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "डॉक्टर दिसायला बरे आहेत ना? मला नुसते कान दिसले."

कालपासून नोंदी मी घेते आहे. ती सोबत येते, वाचत नाही. रजिस्टर मात्र उघडून ठेवते.

११ डिसेंबर, गुरुवार

साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पंधरा महिन्यांच्या नोंदी चुकीच्या, आणि कोणाला सांगितलं नाही. मग आधीच्या पंचवीस वर्षांवर तरी विश्वास का ठेवायचा?"

"चुकीच्या नाहीत, साहेब. जाड आहेत."

"जाड म्हणजे काय? हवामानाचा विषय आहे की पोळ्यांचा?"

"अर्ध्या अंशापर्यंत खऱ्या. माझ्या एकतीस दिवसांच्या पडताळणीत जास्तीत जास्त फरक तीन दशांशांचा आहे. सरासरी फरक शून्याच्या जवळ. एका बाजूला झुकाव नाही."

"तो तुझ्या महिन्याचा. त्याआधीचे चौदा महिने? तिने न वाचताच पाच आणि शून्य टाकले नाहीत कशावरून?"

माझा रकाना चार नोव्हेंबरला सुरू होतो. ते म्हणाले, सिद्ध करता आलं तर कर, नाहीतर सगळं रद्द असं लिही. आत्या आहे म्हणून सूट नको आणि आत्या आहे म्हणून जास्त कडकपणाही नको.

फोन ठेवल्यावर आत्याने विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं. ती म्हणाली, "साहेबांचं बघू नंतर. त्या दोन वेण्यांच्या पोरीला उत्तर द्यायचं राहिलंय आधी. आठवडा झाला, ती माझ्याकडे बघत नाही. एवढं मला दिसतं."

१५ डिसेंबर, सोमवार

प्रयोगशाळेत डोळे सांभाळायचे चार पारदर्शक चष्मे आहेत. त्यांच्या काचांना अगदी मध्यभागी मलम फासलं. डाग किती मोठा हवा ते आत्याला विचारून. ती एकेक चष्मा लावायची आणि म्हणायची, "अजून थोडं. तुला घाबरून कसं चालेल? फास!" मग स्वतःशीच हसली. "मी कशाला लावून बघतेय? मला तर सगळं तसंच."

वर्गात ती आज पुढे उभी राहिली, मी मागे. तिने मुलांना सरळ सांगितलं की माझे डोळे मधून गेलेत, गेल्या वर्षापासून. तुम्हाला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. मग म्हणाली, "तुमच्यातल्या एकीने विचारलंय, बाई मनाने लिहितात का. चांगला प्रश्न आहे. उत्तर मी देणार नाही. माझे डोळे घ्या आणि तुम्हीच काढा."

चार पेल्यांत गरम पाणी, चार तापमापक. पाणी हळूहळू निवतं, म्हणजे पारा सारखा उतरत राहतो आणि कोणी दुसऱ्याचं बघून लिहू शकत नाही. प्रत्येकाने चष्मा लावून चार नोंदी घ्यायच्या.

चष्मा लावल्याबरोबर पहिल्या मुलाने मान कलती केली. दुसऱ्यानेही. कोणी सांगितलं नव्हतं. मधून दिसत नाही, म्हणून प्रत्येकजण कडेने बघायला लागला. एकतीस मुलं, एकामागून एक, त्याच बाजूला किंवा दुसऱ्या, पण तशीच मान. मी मागे उभी राहून बघत होते. काही वेळाने मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, कारण तिथे गार होतं.

बटणं पडली. शून्य: अठ्ठावन्न. पाच: एक्कावन्न. बाकी आठ पेल्यांत मिळून पंधरा.

पेंगू म्हणाला, "म्हणजे बाईंसारखंच!"

"सारखं नाहीये," शंका म्हणाली. ती पेल्यांवर ओणवी झाली होती. "बाईंचे हे पेले रिकामे होते. आपल्यात पंधरा आहेत. ही कुठून आली?"

त्या दिवशीच्या भांडणातल्या उंटाने खाली बघत सांगितलं, "मी एकदा दोन लिहिलं. दिसत नव्हतं, पण दोन असेल असं वाटलं."

"मी सात. सगळे शून्य लिहितायत म्हणून."

"मी पण."

शंकेने ती पंधरा बटणं ओंजळीत घेतली. "ही आपण मनाने लिहिलेली," म्हणाली. "बाईंच्यात एकपण नव्हतं." मग आत्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि बोलेना. आत्याने वाट बघितली, तिच्या नेहमीच्या पद्धतीने.

"बाई, मी आहे," शंका म्हणाली.

"माहितीये गं. एवढा विचार करताना श्वासाचा आवाज कोणाचा येतो वर्गात?"

पुरावा मला आठवडाभर सापडत नव्हता. तो रिकाम्या पेल्यांत होता. मनाने लिहिणाऱ्याच्या हातून मधले अंक निसटतातच; तिच्या हातून पंधरा महिन्यांत एकही निसटला नाही. मी फक्त भरलेले दोन बघत होते.

१६ डिसेंबर, मंगळवार

अहवाल लिहिला. नऊ पानं. पंचवीस वर्षांच्या नोंदी दशांशापर्यंत ग्राह्य. गेल्या वर्षीच्या एकोणीस ऑगस्टपासून यंदाच्या सात डिसेंबरपर्यंतच्या अर्ध्या अंशापर्यंत ग्राह्य, कारण नमूद. वर्गातला प्रयोग परिशिष्टात जोडला, मुलांच्या एकशे चोवीस नोंदी आणि मनच्या पंधरा कोणत्या, ते खूण करून. प्रत्येकाने आपापली खूण स्वतः केली.

तपासणी करणाऱ्या व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे ही बाब एक महिना उशिरा लक्षात आली, हेही लिहिलं. आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते शेवटचं खोड."

"खरं आहे ते."

"मग राहू दे. पण अक्षर बारीक काढ."

५ जानेवारी, सोमवार

उत्तर आलं. नोंदी टिपणीसह संग्रहात घेतल्या आहेत. पेटी इथेच राहील. अट एकच: निरीक्षक बदलायचा. मुख्याध्यापकांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "चला, सायकलींचं दुसरीकडे बघू."

पत्रात साहेबांनी पेनाने खाली एक ओळ लिहिली आहे. पंधरा खुणा बघितल्या, असं. बाकी काही नाही.

आत्याने पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाली की माझ्या बटणांतली चार परत दे, तुझ्या कोटाला लावायची आहेत. लावली मी, तिने हाताने जागा दाखवली.

८ जानेवारी, गुरुवार

माझी मुदत संपते आहे. आणखी एक सत्र इथे राहण्याची परवानगी मागितली. कारण: नवे निरीक्षक एकतीस आहेत, सरासरी वय दहा, त्यांच्या वाचनातला फरक स्थिर होईपर्यंत देखरेख आवश्यक. आत्याला अर्ज दाखवला, म्हणजे वाचला.

"कारण छान शोधलंस," म्हणाली.

मी कारण शोधलेलं नाही. तेच कारण आहे.

१२ जानेवारी, सोमवार

आजपासून मुलांची पाळी. पहिला क्रमांक शंकेने मागून घेतला. आठ वाजल्यापासून खोकं घेऊन मैदानात उभी होती. आत्या पेटीपासून चार पावलांवर, शाल गुंडाळून, रजिस्टर छातीशी धरून. मुलांनी नवा नियम केला आहे: पेटी उघडण्याआधी बाईंनी अंदाज सांगायचा. अंदाज पेंगूच्या वहीत जातो, रजिस्टरमध्ये नाही.

आत्याने तोंड वर केलं. गालावर वारा घेतला.

"अठरा. आणि वर थोडं. साडेअठरा म्हण."

कडी किंचाळली. शंका खोक्यावर चढली, मग उतरली, खोकं बाजूला सारलं आणि गुडघे वाकवून डोळा पाऱ्याच्या बरोबरीला आणला. दोन महिन्यांत तिची उंची वाढली आहे.

"अठरा पॉइंट चार."

"चार? पाच नाही?"

"पाचाच्या रेघेला टेकलेला नाहीये, बाई. मध्ये जागा आहे. पातळ."

"दिसते तुला?"

"दिसते."

"मग चार लिही," आत्या म्हणाली आणि रजिस्टर पुढे केलं.

शंकेने निळ्या पेनाने लिहिलं. पेटी लावली. कडी पुन्हा किंचाळली. आत्या वळून वर्गाकडे चालायला लागली होती, पायरीवर थांबली, आवाज ऐकला आणि आत गेली.

कामांच्या यादीत 'कडीला तेल' नोव्हेंबरपासून आहे. आज ते खोडलं. तेल घातलेलं नाही.